आक्काबाईंची हाक

सिल्वासाजवळ सामरवरणीच्या आमच्या बिल्डिंगीत आक्काबाई राहायला आल्या त्याच आठवड्यात माझं त्यांच्याशी वाजलं. मी शाळेत शिकवते. लोकांनी मला निदान 'सुलभाबाई' म्हणावं एवढी अपेक्षा असते. आक्काबाई जिन्यातून ओरडायच्या, "ए वरची बाई!" मी दार धाडकन लावून घ्यायची. पुढे कळलं की हा मान माझ्या एकटीचा नव्हता. पोटचा मुलगा भावेश, त्याला त्या "ए भाऊ" म्हणत. सून सोनम ही "ए बाय", नात गुड्डी हीसुद्धा "ए बाय", आणि दोघींतली कुठली हवी आहे ते आवाजाच्या पट्टीवरून ओळखायचं. दूधवाल्याला तर त्या "ए दूध" म्हणायच्या, आणि तोही बिचारा वर यायचा.

वयानं नावं विसरत असतील म्हणावं, तर तसंही नव्हतं. साक्रीकडच्या त्यांच्या गावात कुणाची लेक कुठे दिली, कुणाच्या विहिरीला पाणी कधी लागलं, सगळं तोंडपाठ. गोष्ट सांगताना मात्र "त्या वाकड्या बाभळीवाल्याची सून" असंच चालायचं. भावेशला इथे यार्नच्या कंपनीत नोकरी लागली तशा त्या त्याच्यामागून आल्या. स्वभाव तिखट, हात सढळ. माझ्याशी कितीही बिनसलं तरी कळण्याची भाकरी आणि ठेचा वर पाठवायच्या, आणि मीही तोंड वाकडं करत दोन्ही संपवायची. आमचे रमाकांत म्हणायचे, "तुम्हा दोघींचं तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना!" मी हे कबूल केलं नाही, पण खरं होतं.

त्या उन्हाळ्यात गुड्डीची पहिलीची परीक्षा संपली आणि भावेशनं कधीचं कबूल केलेलं पार्कचं एकदाचं ठरवलं. वापीच्या पुढे हायवेला लागून पाण्याचे खेळ, पाळणे, घसरगुंड्या. वर्षभर त्या पोरीनं दुसरा विषय काढला नव्हता. सोनमनं मलाही ओढलं. "बाई, तुम्ही चला ना. सासूबाईंना कंपनी होईल." सासूबाईंना सांभाळायला कुणीतरी हवं होतं, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. पण गेले.

गाडीत आक्काबाईंनी गुड्डीला मांडीवर घेऊन पदराखाली झाकलं होतं. मे महिना, बाहेर रणरणतं ऊन, आणि पोर पदराखाली. तिच्या कमरेला कडुलिंबाची डहाळी खोचलेली दिसली. दृष्ट लागू नये म्हणून असेल असं मला वाटलं. एरवी आक्काबाईंच्या जिभेला विसावा नसतो, पण त्या दिवशी वापी येईपर्यंत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

पार्कात गर्दी होती, गाणी कर्कश वाजत होती, आणि गुड्डी सकाळभर पाण्यातच होती. दुपारी बाहेर आली ती त्या उन्हात दात वाजवत. सोनमनं अंग पुसायला फ्रॉक वर केला आणि तिचा हात थांबला. पाठीवर, पोटावर, पाण्यानं भरलेले फोड. अंग तव्यासारखं तापलेलं.

"कांजण्या आहेत या," मी म्हटलं, आणि आक्काबाईंकडे वळले. त्यांचा चेहराच सांगत होता. "आक्का, तुम्हाला माहीत होतं!"

त्यांनी मान खाली घातली. सकाळी अंघोळ घालताना खांद्याखाली दोन फोड त्यांनी पाहिले होते.

"मग बोलला का नाहीत? एवढ्या पोरांच्या पाण्यात ही पोर सोडली आपण! काही अक्कल?"

"नाव लेतं नही तवलगून ती येत नही, बाई," त्या पुटपुटल्या.

त्यांचं गणित असं होतं. कांजण्या म्हणजे अंगात आलेली देवी; 'माता आली' हे तोंडानं म्हटलं की घराला बंधन पडतं. फोडणी बंद, पाहुणा बंद, उंबऱ्याबाहेर पाऊल बंद. कुणी म्हटलंच नाही, तर ती अजून आलेली नाही. नातीचं मन मोडवेना म्हणून त्या एक दिवस गप्प राहणार होत्या.

पण आता मी आजाराचं नाव घेतलं होतं. आक्काबाई बाकड्यासमोर जमिनीवर बसल्या, गुड्डीच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "आई, चुकलं. तुम्ही आल्या, आमी वळखलं नही."

गुड्डी तापानं चकाकणाऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली. "आजी, मी गुड्डी आहे."

"नही आई. तुम्ही मोठ्या."

भर दुपारी, एवढ्या गर्दीत, सात वर्षांच्या पोरीला म्हातारी हात जोडून अहोजाहो करते आहे आणि पोर हळूहळू बोलायची थांबते आहे. मला ते बघवेना. भावेश गाडी आणायला धावला. मी आणि सोनम कोरडे कपडे आणायला लॉकरकडे गेलो. आक्काबाई पदर भिजवायला नळावर गेल्या, तो नळ बाकड्यापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही परत आलो तर आक्काबाई ओला पदर हातात घेऊन उभ्या आणि बाकडं रिकामं.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. सोनम लाटांच्या तलावाकडे पळाली, कारण आम्हा सगळ्यांच्या मनात पाणीच होतं. तापात झोक जाऊन पोर पाण्यात पडली तर एवढ्या गोंगाटात कुणाला कळणार? मी घसरगुंड्यांखाली शोधलं, बायकांच्या खोलीत शोधलं. शेवटी सगळी माइकच्या खोलीत जमलो. तिथल्या बाईनं विचारलं, "बच्ची का नाम?"

भावेश तोंड उघडणार तोच आक्काबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तिचं नाव लेऊ नका रे भाऊ! अंगात माता शे. नावानं हाक मारली तर ती कोपेल, संगे घेऊन जाईल. आई म्हणा. 'आई, परत या' म्हणा."

आणि तो कंपनीत यंत्रं चालवणारा पुरुष, पोरीचा बाप, घाबरला. आईचं ऐकलं. माइकवाल्या बाईनं खांदे उडवले आणि पार्कभर घोषणा केली, "माताजी, आप जहाँ भी हैं, वापस आ जाइए. आपके घरवाले इंतज़ार कर रहे हैं."

गुड्डी आली नाही. मात्र एक गुजराती आजीबाई आल्या, मग दुसऱ्या आल्या, आणि दोघी आपापल्या घरच्यांना शोधत दारात उभ्या राहिल्या. एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मात्र 'माताजी, वापस आ जाइए' ते कर्णे पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मला वाटलं, हे आपण कुणाला बोलावतो आहोत?

सोनम तेव्हा तलावाकडून आली. निथळत होती. तिनं एकदा ऐकलं, आणि एरवी सासूपुढे मान वर न करणारी ती मुलगी आक्काबाईंना बाजूला सारून माइकला भिडली.

"गुड्डे!" ती ओरडली. "गुड्डे, मम्मी बोलावते! ओ दे!"

आक्काबाईंनी कानांवर हात ठेवले. माइकवाल्या बाईनं गाणी बंद केली आणि क्षणभर पार्क गप्प झाला. पाळण्यांच्या मागे, मेंदीच्या कुंपणापलीकडून, आवाज आला.

"ओ!"

आणि त्यामागोमाग, जरा लांबून, आणखी एक, "ओ!"

आवाज आरसेमहालातून आला होता. दुरुस्तीसाठी बंद होता तो, दारावर दोरी बांधलेली. गुड्डी दोरीखालून वाकून स्वतःच बाहेर येत होती. सोनमनं तिला उचललं ते गाडीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. दुसरी 'ओ' प्रतिध्वनी असणार. आत आरसेच आरसे, आवाज घुमणारच. हे मी तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

गाडीत गुड्डी आईच्या मांडीवर पडून बोलायला लागली. "आत गार होतं म्हणून मी गेले. तिथं एक मुलगी होती. तिला पण फोड होते."

"तूच होतीस ती, आरशात," मी म्हटलं.

"नाही बाई. ती छोटी होती. मी तिला माझं नाव सांगितलं. तिला तिचं आठवतच नाही. ती म्हणाली, तिची आई तिला आई म्हणते. अहो म्हणते. नावानं बोलावतच नाही." तिनं डोळे मिटले. "मम्मीनं हाक मारली मग मी आले. ती म्हणाली, मला कुणी हाक मारत नाही, मी कशी येऊ?"

आक्काबाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांची मान वळली नाही. त्या हातातला ओला पदर पिळत राहिल्या आणि त्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं.

सिल्वासाच्या डॉक्टरांनी कांजण्याच सांगितल्या, औषध दिलं, पोरीला वेगळं ठेवायला सांगितलं. मी पार्कात फोन करून कळवलं आणि चार शब्द ऐकून घेतले. मला कांजण्या लहानपणी येऊन गेल्या होत्या, म्हणून मी रोज खाली जात असे. दाराला कडुलिंब बांधलेला, घरात फोडणी नाही. सोनम गुड्डीला गुड्डीच म्हणायची, आक्काबाईंच्या देखत, मुद्दाम जरा मोठ्यानं. आक्काबाई अडवत नव्हत्या. त्यांचं खाणं मात्र तुटलं होतं.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनीच सुरुवात केली.

"भाऊच्या आधी मन्ही एक पोर व्हती, बाई."

चार वर्षांची. माता आली. आक्काबाईंनी सासूनं सांगितलं तसं सगळं केलं. नाव सोडलं, आई म्हटलं, हात जोडले, पाया पडल्या. एक सकाळ अशी आली की पोर रडायला लागली. "माय, मी कोण शे? मले हाक मार ना." आणि आक्काबाई म्हणाल्या, "तुम्ही आई, तुम्ही मोठ्या." संध्याकाळी पोर गेली. अशा पोरांना जाळत नाहीत, पुरतात. पुरतानाही सासूनं नाव घेऊ दिलं नाही, की मागे वळून येईल. त्या दिवसापासून ते नाव तोंडाबाहेर पडलं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की तेही तोंडून निसटेल या भीतीनं मग कुणाचंच घेतलं नाही.

"ती तठे एकटीच शे, बाई," त्या म्हणाल्या. "आरसांमधी. तिले रस्ता सापडत नही."

मी म्हणणार होते की तापात मुलं बडबडतात. म्हणवलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या कधीच्या मेलेल्या सासूवर.

गुड्डीच्या खपल्या धरल्या आणि मातेच्या पाठवणीचा दिवस आला. कडुलिंबाच्या पाण्यानं तिला अंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, दाराचा पाला उतरवला. तिन्हीसांजेला मी दळण घेऊन वर चालले होते. आक्काबाईंच्या घराचं दार सताड उघडं. आत गुड्डी, सोनम, भावेश टीव्ही बघत बसलेले, तिघेही मला दिसत होते. आक्काबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, तोंड खाली, जिन्याच्या अंधाराकडे.

"वच्छी!" त्यांनी हाक मारली. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा, खेळायला गेलेल्या पोरीला बोलावतात तशी, दटावून, "ए वच्छे! दिवे लागले. घरी ये वं!"

बिल्डिंगीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग मला खालच्या पायऱ्यांवर काहीतरी ऐकू आलं, की आलं नाही, देव जाणे. पण मी, विज्ञान शिकवणारी बाई, दळणाचा डबा छातीशी धरून भिंतीला टेकले आणि वाट दिली. धावत येणाऱ्या पोरासाठी देतो तशी. माझ्या पोटऱ्यांना गार वारा लागून गेला.

आक्काबाई उंबऱ्यातून बाजूला सरकल्या. थोडं थांबल्या. मग दार लोटता लोटता त्यांची नजर माझ्यावर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

"अहो सुलभाबाई," त्या म्हणाल्या, "भायेर काय उभ्या? तुमी बी या ना आत."