अकरा तिरप्या कॅसेट

धुळ्याहून आलेली बातमी चार ओळींची होती. 'येथील वकील प्रल्हाद यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. जन्मांध असूनही त्यांनी...' मी जळगावच्या कार्यालयात संध्याकाळच्या पाळीला होतो. 'जन्मांध' खोडून त्या जागी 'बाविसाव्या वर्षी दृष्टी गेलेली असूनही' असं लिहिलं, शीर्षक दिलं आणि मजकूर पुढे पाठवला. ही दुरुस्ती मी कुठेही न विचारता केली आहे, हे लक्षात यायला मिनिटभर लागलं. तोवर पुढची बातमी हातात आली होती. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी प्रल्हाद आणि मी जळगावात एका खोलीत राहत होतो. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला होता, मी दैनिकात नवा होतो. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने वर्षभरात त्याची नजर गेली. कॉलेज सोडून गावी जावं असं घरच्या बहुतेकांचं मत होतं. फक्त त्याच्या थोरल्या बहिणीचं नव्हतं. अक्का धुळ्यात, देवपूरला एकट्या राहत आणि शाळेत शिकवत. त्यांनी एवढंच विचारलं, "पुस्तक किती पानांचं आहे?" नंतर त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला, तोही वापरलेला. शाळा सुटली की त्या कायद्याची पुस्तकं मोठ्याने वाचून कॅसेटवर भरू लागल्या. चार-पाच कॅसेट झाल्या की पुडकं बांधून एसटीच्या कंडक्टरकडे देत. पारोळ्याचा थांबा घेऊन बस जळगावला आली की मी स्टँडवरून ते घेऊन येई. प्रल्हादकडे वॉकमन होता. त्यावर रेकॉर्डिंग होत नसे, फक्त ऐकता येई. तेवढंच त्याला हवं होतं.

पहिलं पुडकं आलं आणि एकही कॅसेट नीट वाजेना. आवाज होता, पण तोंडावर उशी दाबून कोणी बोलावं तसा. बाई बोलते आहे एवढं कळे, काय बोलते ते कळत नसे. आम्ही नवे सेल घातले. स्पिरिटचा बोळा फिरवून वॉकमनचं हेड पुसलं; हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा तो चकचकीत धातूचा तुकडा. कॅसेट पेन्सिलने पुढे-मागे गुंडाळून पाहिली. जळगावातल्या एका मेकॅनिकने आतला रबरी पट्टा बदलला आणि कॅसेटच भंगार आहेत असा निकाल दिला. बाजारातली गाण्यांची कॅसेट मात्र त्याच वॉकमनवर स्वच्छ वाजत होती. आणि अक्का शेजाऱ्यांच्या फोनवरून शपथेवर सांगत होत्या की त्यांच्याकडे याच कॅसेट खणखणीत वाजतात, त्या दर वेळी ऐकूनच पाठवतात. त्यांचंही खरं होतं आणि आमचंही. या गोंधळात पुडकी येत राहिली आणि कॅसेटची संख्या अकरावर गेली. त्यांत करारांचा आणि पुराव्याचा, असे दोन्ही कायदे पुरे होते. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

मी सुट्टी काढून धुळ्याला गेलो. अक्कांचा टेपरेकॉर्डर एका जाणत्या मेकॅनिकला दाखवला. त्याने झाकण काढलं, वाकून पाहिलं आणि हसला. "हेड तिरपं आहे. हे मशीन तिरपं लिहितं आणि स्वतःचं तिरपं स्वतः वाचतं, म्हणून घरात कोणाला कळलं नाही." त्याने हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून ते सरळ केलं. अक्कांनी एक पान वाचलं, मी सोबत नेलेल्या वॉकमनवर ते लावलं. शब्द न् शब्द स्पष्ट होता. परतीच्या बसमध्ये मी फार खूश होतो.

प्रल्हादने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आधीच्या अकरा कॅसेट?"

"त्यांचं काय?"

"आरे भो, त्या नीट वाचणारं जगात एकच मशीन होतं. तू ते सरळ करून आलास." तो म्हणाला, "बातमीदार ना तू? दुसरी बाजू विचारायची असते. कॅसेट उलटून लावली की तिथंच मिळते."

मेकॅनिकने स्क्रू किती फिरवला याची खूण ठेवली नव्हती. ठेवायला मी सांगितलं नव्हतं. आधी त्या यंत्रावरून अकरा कॅसेटच्या प्रती करून घेता आल्या असत्या. तेही सुचलं नव्हतं. अक्कांनी पुन्हा वाचणं हा मार्ग उरला होता, पण दिवसभर वर्ग आणि मग हे वाचन, यामुळे त्यांचा घसा बसला होता. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं. पुढचे विषय तर अजून वाचायचेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रल्हाद मला घेऊन कोपऱ्यावरच्या फोनपाशी गेला. अक्का फोनवर आल्या तशी त्यांनी पहिली चौकशी केली ती जुन्या कॅसेटची. प्रल्हाद म्हणाला, "बठ्ठा येस, अक्का. मी आयकी राह्यनू." सगळं ऐकू येतंय, मी ऐकतोय. फोन ठेवल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंस. तो म्हणाला, "आता ते खरं करावं लागेल. घड्याळवाल्याकडून सर्वांत बारीक पेचकस आण."

त्याचा विचार सरळ होता. अक्कांचं यंत्र पुन्हा तिरपं करता येणार नसेल, तर वॉकमन तिरपा करायचा. वॉकमनच्या हेडलाही तसाच एक स्क्रू होता, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि हलू नये म्हणून कारखान्यातच लाल लाखेने बसवलेला. ती लाख त्याने टाचणीने खरवडली. मला हात लावू दिला नाही. "तुला दिसतं, म्हणून तू घाई करशील," असं त्याचं म्हणणं. एका कानात इअरफोन, डाव्या हाताच्या बोटांनी हेडचा अंदाज, उजव्या हातात पेचकस. केसभर फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा केसभर. दुसरा इअरफोन माझ्या कानात. आवाज कधी वर येई, कधी पार बुडे. पहिली दुपार अशीच गेली, दुसरीही. फिती झिजू नयेत म्हणून तो एकच कॅसेट वापरत होता आणि तिच्यातला एकच तुकडा, ज्यात अक्का एका पोटकलमाचा अर्थ दोनदा वाचतात. मी दोनदा म्हटलं, की सोडून दे, मी कामावर जाण्याआधी रोज वाचून दाखवीन. तो म्हणाला, "तू पानं गाळतोस. अक्का पानाचा आकडासुद्धा वाचतात."

तिसऱ्या दुपारी तो एकदम थांबला आणि म्हणाला, "घड्याळ."

मी नीट ऐकलं. अक्कांच्या आवाजामागे, देवपूरच्या त्या खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. पुढच्या क्षणी शब्द सुटे सुटे ऐकू येऊ लागले. स आणि श ओळखता येऊ लागले... मधेच अक्का म्हणाल्या, "थांब रे, दार वाजनं," आणि मग खटका. पुन्हा सुरू झाल्यावर "पान एकशे बारा, आते पुढे आयक." प्रल्हादने पेचकस खाली ठेवला. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "भो, चहा ठेव."

पण तिढा इथेच संपत नव्हता. सरळ केलेल्या यंत्रावर भरलेल्या नव्या कॅसेट आता या वॉकमनवर वाजणार नव्हत्या. स्क्रू पुन्हा-पुन्हा फिरवावा, तर त्याचे आटे गेले असते. प्रल्हादने ठरवलं, की अकरा कॅसेट आधी संपवायच्या, एकदा ऐकून पाठ झालंच पाहिजे, आणि मग स्क्रू एकदाच परत फिरवायचा. त्यानंतर त्या अकरा कॅसेट पुन्हा ऐकायला मिळतील याची खात्री नव्हती. सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी त्याने बाजारातली गाण्यांची कॅसेट लावून हेड सरळ केलं आणि पुढच्या विषयाला बसला. परीक्षेत उत्तरं लिहायला त्याला लेखनिक मिळाला होता. करार आणि पुरावा या दोन विषयांत त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले.

यथावकाश तो धुळ्याच्या कोर्टात वकिली करू लागला आणि अक्कांकडेच राहायला गेला. मी जळगावातच राहिलो. मी त्याला काम करताना पाहिलं ते चार-पाच वेळाच. दूरच्या खेड्यांतून माणसं येत. कोणाचे दात पडलेले, कोणी पदराआडून बोलणारी, कोणी भेदरलेला. 'मोठ्याने बोला' किंवा 'नीट सांगा' असं त्याने कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. समजलं नाही तर तो आपली खुर्ची थोडी सरकवी, मान वळवी आणि म्हणे, "हं, आता सांगा."

गेल्या आठवड्यात मी देवपूरला गेलो. अक्का आता निवृत्त आहेत. त्यांनी मला चहा दिला. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, तू मशीन चांगलं कराले उना आनि बिघाडी गया. माले तव्हाच समजनं व्हतं. तू गया तशी मी एक जुनी कॅसेट लाई देखी." पुडक्यात न गेलेली एक अर्धी कॅसेट घरात उरली होती; ती लावली, तर तिचा आवाज बुडालेला. मी विचारलं, मग प्रल्हादने फोनवर सगळं ऐकू येतं असं सांगितलं, तेव्हा तुम्ही काहीच का बोलला नाहीत? अक्का म्हणाल्या, "त्यानी सांगं ना, बठ्ठा येस. मग येईन, असं म्हनीसन मी पुढलं पुस्तक उघाडं." त्यांच्या बोलीत येईन म्हणजे येईल.

पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं. अक्कांनी ते उघडून दिलं. टेबल जिथल्या तिथे आहे. पक्षकारांच्या बाजूची फरशी गुळगुळीत आहे. त्याच्या बाजूला मात्र खुर्चीच्या पायांचे ओरखडे उमटले आहेत, दाट, अर्धगोलात, काही जुने, काही अजून पांढरे.