बटणपारखी

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही, आणि व्हिडिओ गेमवर त्यांच्याइतकं ठासून बोलणारा माणूस या शहरात दुसरा नाही. दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगते, कारण तेही तशाच सांगतात, छाती पुढे काढून. "खेळणारा गेमच्या बाजूचा होतो. मी कुणाच्याच बाजूचा नाही," असं त्यांचं म्हणणं. घरकामाच्या बाबतीतही ते कुणाच्याच बाजूचे नाहीत, पण त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नाही.

धंदा कंट्रोलर दुरुस्तीचा. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, बटणांचा, तो. बाजारामागच्या गल्लीत एवढंसं दुकान. पुढे काच, काचेमागे दिवा, भिंग आणि हे. पूर्वी रेडिओ होते, मग टेप, मग टीव्हीचे रिमोट, आता हे. गिऱ्हाइकाने कंट्रोलरसोबत चिठ्ठी द्यायची आणि तिच्यावर गेमचं नाव लिहायचं, बाकी काही नाही. मग हे कंट्रोलर उघडणार, कुठल्या बटणाखालचं रबर किती झिजलंय ते भिंगातून बघणार आणि गेमचा निकाल लावणार.

लोक मानतात हो! एक मोठा लढाईचा गेम आला होता. सगळीकडे गाजावाजा, म्हणे यात माणसाच्या मनाचा खोल वेध घेतलाय. ह्यांनी सहा कंट्रोलर उघडले आणि सांगितलं, "मागचा चाप तेवढा गुळगुळीत झालाय. बाकी बटणं कोरी करकरीत. वेध मनाचा घेतलेला नाही, डोक्याचा घेतलाय, बंदुकीने." दुसरा एक गेम अफाट जंगलाचा, शंभर तासांचा. त्यात अंगठ्याने फिरवायची दांडी फक्त पुढच्या अंगाला झिजलेली. "चालणं, चालणं आणि चालणं. एवढं चालायचं तर बाहेर जाऊन चाला, निदान पाय मोकळे होतील." गोष्ट सांगणाऱ्या एका गेमला बक्षिसं मिळाली होती, त्याचं 'पुढे' हे बटण फुटून हातात आलं. संवाद सुंदर आहेत असं सगळ्यांनी लिहिलं होतं, वाचले मात्र कुणीच नव्हते. आणि फुटबॉलचा गेम दर वर्षी नवा म्हणून येतो, त्याचं दर वर्षी तेच बटण त्याच कोपऱ्यात झिजतं. ह्यांनी फक्त गेल्या वर्षीचं रबर शेजारी ठेवून दाखवलं. गल्लीत हशा पिकला.

त्या हशात साप्ताहिकवाला होता. त्याच्या साप्ताहिकात गेमवर लिहिणारा आधीचा माणूस प्रत्येक गेमला 'श्वास रोखून धरायला लावणारा' म्हणायचा आणि दहापैकी नऊ गुण देऊन मोकळा व्हायचा. इतके श्वास रोखून वाचक गुदमरले असावेत. त्याची जागा ह्यांना मिळाली. दर गुरुवारी साप्ताहिकवाला वही घेऊन दुकानात येतो, हे बोलतात, तो लिहून घेतो, शुक्रवारी छापून येतं. गल्लीने ह्यांचं नाव ठेवलं बटणपारखी. झालं! माणूस घरातही तसाच बोलायला लागला. चहात साखर कमी आहे असं साधं म्हणायचं नाही. "आशय आहे, पण गोडवा पोहोचत नाही." एकदा तर मी कप उचलून परत आत नेला. म्हटलं, पोहोचू दे आधी गोडवा, मग देते.

एवढं चाललं असतं. पण आमच्या लेकीने गेम केला.

लेक आणि तिची मैत्रीण, दोघीच. तीन वर्षं मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून बसल्या होत्या. गेम होडीचा. नदी आहे, होडीवाली आहे, उतारू येतात, त्यांना पलीकडे न्यायचं. जाताना ते बोलतात. कुणी भांडून घर सोडलेलं, कुणी पहिल्यांदाच कामाला निघालेलं. मारामारी नाही, घड्याळ नाही. वल्ह्याचा वेग सांभाळायचा आणि ऐकायचं, बस. बाजारात येऊन तीन महिने झाले आणि एका मोठ्या वितरकाचा फोन आला. गेम आवडलाय, पण खात्री हवी. तुमच्या वडिलांचं सदर आमच्याकडे सगळे वाचतात, त्यांनी चार शब्द बरे लिहिले तर आम्ही घेतो. नाहीतर पोरीच्या हातात एका कचेरीचं नेमणूकपत्र होतंच. पहिल्या तारखेपासून हजर व्हायचं, दिवसभर विम्याचे अर्ज भरून घेणारा प्रोग्राम सांभाळायचा, आणि मागच्या खोलीतली टेबलं वेगळी करायची.

"बाबा, तुम्ही एकदा खेळून बघा," ती म्हणाली.

"मी खेळत नाही."

"मग नुसतं बघा."

"मी बघतही नाही. पुरावा आला की बोलेन. तीन महिने झाले, होडीच्या गेमची एकही चिठ्ठी दुकानात आलेली नाही. बटणं शाबूत आहेत, याचा अर्थ काय? कुणी खेळतच नाही."

"अहो, त्यात आदळआपट नाहीये, म्हणून मोडत नाहीत!" मी म्हटलं.

"हे तू बोलतेस, कारण तू आई आहेस," हे म्हणाले. "या गुरुवारी मी जे दिसतं तेच सांगणार. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारेल?"

पोरगी उठून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्दाला कोण विचारेल म्हणे! ज्या गेमला मी तीन महिने उराशी धरून बसले होते, तो कुणी खेळतच नाही?

हो, मी खेळत होते. रोज दुपारी दोन ते चार. लेकीने मला तिचा जुना काळा कंट्रोलर दिला होता आणि शिकवलं होतं. सासूबाईंचं कमरेचं हाड मोडल्याला दीड वर्ष झालं, त्या अंथरुणावर असतात, आणि त्या दोन तासांत त्यांना झोप लागते असं डॉक्टरांचं मत आहे. डॉक्टर दुपारी आमच्याकडे कधी आलेले नाहीत. होडी जरा प्रवाहाला लागली की आतून हाक यायची, "अगं ए!" उशी वर घे. उशी खाली घे. खिडकी लाव, उजेड लागतो. खिडकी उघड, जीव गुदमरतो. गुडघ्याला तेल लाव. दार कुणी वाजवलं? कुणी नाही? मग बघून ये ना. म्हातारी वाईट नाही हो. दिवसभर छताकडे बघत पडायचं, तिनं तरी हाक कुणाला मारायची? पण प्रत्येक हाकेला मी ते मधलं बारकं बटण दाबायची, खेळ जिथल्या तिथे थांबवायचं. पॉज म्हणतात त्याला. या गेममध्ये ते दाबलं की होडी नदीत उभी राहते आणि उतारू आपापसात हळू आवाजात बोलत बसतात. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर करत नाही. लेकीला एकदा विचारलं, हे असं का केलंस? तर म्हणाली, "तुला सारखं उठावं लागतं ना, म्हणून."

दाबून दाबून ते बटण बसलं होतं. आत गेलं की वर येईना. तो कंट्रोलर दुरुस्तीला द्यायचाच होता. घरी ह्यांच्या हातात ठेवला असता तर 'घरचा पुरावा' म्हणून बाजूला सारला असता. म्हणून मी समोरच्या शिवणकामवालीला हाताशी धरलं. तिने बुधवारी तो दुकानात नेऊन दिला, चिठ्ठीवर होडीच्या गेमचं नाव लिहून. ह्यांनी ओळखला नाही. तीन महिने घरातल्या टेबलावर पडलेली वस्तू, पण ओळखणार कशी? काळे कंट्रोलर सगळे सारखेच दिसतात, आणि माझ्या हातात काय असतं हे बघायची ह्यांना सवय नाही.

गुरुवारी मी ह्यांचा चष्मा घेऊन दुकानात गेले. चष्मा ते विसरले नव्हते, मी काढून ठेवला होता. सासूबाईंजवळ शिवणकामवाली बसली होती. दुकानात साप्ताहिकवाला वही उघडून बसलेला आणि आमची लेक काचेला टेकून उभी. ती ह्यांना शेवटचं विनवायला आली होती. निदान या आठवड्यात दुसऱ्या गेमवर लिहा, एवढंच तिचं मागणं होतं. मी चष्मा दिला.

"थांब," हे लेकीला म्हणाले. "पुरावा आलाय. आता जे असेल ते असेल."

त्यांनी स्क्रू काढले, झाकण उघडलं, भिंग खाली घेतलं. पोरीची तीन वर्षं त्या भिंगाखाली होती.

"अरेरे," हे म्हणाले. "पॉजचं रबर फाटलंय. बावीस वर्षांत पॉजचं रबर फाटलेलं मी पाहिलेलं नाही. दर दोन मिनिटांनी माणूस गेम थांबवतोय. म्हणजे कंटाळलाय."

साप्ताहिकवाल्याने लिहिलं. लेकीने मान खाली घातली. मी ओठ चावला, नाहीतर तिथेच तोंड उघडलं असतं.

पण एक सांगते, माणूस खोटा नाही. त्यांनी झाकण लावलं नाही. पुन्हा वाकले.

"एक मिनिट. ते खोड." साप्ताहिकवाल्याने खोडलं. "दांडी बघ. चारही अंगांनी सारखी झिजलीय, आणि हलक्या हाताने. कंटाळलेला माणूस दांडी अशी फिरवत नाही, कंटाळलेला परतच येत नाही. ही बाई थांबवते आणि परत येते. शंभर वेळा थांबवते, शंभर वेळा परत येते."

"बाई कशावरून?" साप्ताहिकवाल्याने विचारलं.

"मधल्या फटीत तेल आहे. मालिशचं, औषधी. वास बघ. दुखणेकऱ्याला लावतात ते. बाकी बटणं स्वच्छ, पॉजच्या बटणाला आणि डाव्या बाजूला तेल. म्हणजे हात पुसायलाही फुरसत न मिळता ही खेळायला बसते, आणि बसली की पुन्हा हाक येते." ह्यांचा आवाज चढला. रंगात आले की ते असेच चढतात. "लिहून घे. मी आजवर शेकडो कंट्रोलर उघडले. वैतागून आपटलेले पाहिले, रागाने चावलेलेसुद्धा पाहिले. इतक्या वेळा उठवलेलं माणूस इतक्या वेळा परत आलंय, असा गेम मी पाहिला नाही. हा चांगला गेम आहे. चांगला म्हणजे चांगलाच! मी चुकलो होतो, तेही लिही."

लेकीने तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

हे तिथे थांबले असते तर शोभलं असतं. पण गाडी सुटली होती. "आणि हेही लिही," ते टेबलावर बोट आपटत म्हणाले, "की या बाईच्या घरात माणसं आहेत की दगड? तीन महिन्यांत एवढी झीज! एकाही माणसाला वाटू नये, तू बस, मी उठतो? बिचारी एकटीच असणार. नवरा बहुतेक नसावा."

"आहे," मी म्हटलं. "समीक्षा लिहितो."

हे भिंगातून तसेच वर बघायला लागले, एक डोळा हा एवढा मोठा. मग त्यांनी कंट्रोलर नाकाशी नेऊन पुन्हा तेलाचा वास घेतला. तो वास त्यांच्या आईच्या खोलीत रोज असतो. चेहरा उतरत गेला तो मी पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"वही दे," हे साप्ताहिकवाल्याला हळूच म्हणाले. "पुरावा घरचा निघाला. ग्राह्य नाही."

"तुम्ही गेमच्याही बाजूचे नाही आणि बायकोच्याही नाही, मग आता माघार कुणाच्या बाजूने घेताय?" असं म्हणून साप्ताहिकवाल्याने वही खिशात घातली आणि पायरी उतरला.

शुक्रवारी सगळं जसंच्या तसं छापून आलं, दगडांसकट. गल्लीत दिवसभर चर्चा, कोण असेल हो ती बाई, आणि तो नवरा कोण मेला? भाजीवालीने तर त्या नवऱ्याला आमच्या ह्यांच्यासमोरच शिव्या घातल्या, आणि ह्यांना मान डोलवावी लागली. दुपारी वितरकाचा फोन आला. लेकीने कचेरीला नकार कळवला आणि टेबलं होती तशीच जोडलेली राहिली.

शनिवारी हे दीड वाजता दुकान बंद करून घरी आले. माझ्याकडे न बघता दुरुस्त केलेला कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि आत आईच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. मी होडी सोडली. आतून हाका सुरू झाल्या आणि पावलं वाजायला लागली. उशी. खिडकी. दार. परत उशी. पाणी. तेलाची बाटली कुठे असते, हे त्यांनी मला ओरडून विचारलं, मग आठवण झाल्यासारखे गप्प बसले आणि स्वतः शोधली. तीन वाजता ते बाहेर आले. सदरा बाहेर निघालेला, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

"रोज एवढं असतं?" त्यांनी विचारलं.

"आज कमी आहे," मी म्हटलं. "तुमच्यापुढे त्यांना संकोच वाटतो."