हमसाहेबाची पूड

नीळकंठ सरांनी अंथुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. मास्तर अडला की पोरं डोक्यावर बसतात, असं त्यांचं ठाम मत. एकदा वर्गात संभाजीने ‘हंबग’चा अर्थ विचारला. ढोंग, लोकांच्या डोळ्यांत धूळफेक, असं सरांनी बरोबर सांगितलं. पण तो शब्द आला कुठून, असं त्या चोंबड्याने पुढे विचारलं, तेव्हा सरांनी बेधडक ठोकून दिलं. लंडनमध्ये हम नावाचा एक साहेब ढेकूण मारायची पूड विकायचा, पुडीत नुसती चुलीतली राख. ढेकणाला इंग्रजीत बग. झाला हंबग! वर्ग खूश, सरही खूश.

आता सर निवृत्त होऊन इंदापुरात राहतात आणि संभाजी बारामतीत इंग्रजी शिकवतो. त्याच्याच वर्गात सरांची नात अबोली. रविवारी ती उत्तरपत्रिका घेऊन आजोबांकडे आली. ‘हंबग’चं मूळ काय, या प्रश्नाला तिने शब्दकोश बघून पाठ केलेलं लिहिलं होतं: नक्की कुणालाच ठाऊक नाही. त्यावर लाल फुली. तेवढ्या एका गुणाने तिची तालुक्याची स्पर्धा हुकली होती. संभाजीला कुठलं उत्तर हवं होतं, ते सरांनी लगेच ओळखलं.

त्यांनी संभाजीला बोलावून घेतलं. तो आला तो पेढे आणि स्वतःचं नवं पुस्तक घेऊन. आत हमसाहेबाची गोष्ट, खाली सरांचं नाव, आणि प्रती गावोगावच्या शाळांत पोचलेल्या. सरांनी मन घट्ट केलं.

“संभाजी, ती गोष्ट मी रचली होती. साफ खोटी आहे.”

संभाजी गालात हसला. “माझी परीक्षा घेताय व्हय, सर? तुमचा शब्द न् शब्द पाठ हाय मला.”

सरांनी शब्दकोश उघडून पुढे ठेवला. त्याने तो वाचला, मान डोलावली. कोशवाल्यांना ठाऊक नव्हतं म्हणूनच तर तुमचं नाव छापलं, म्हणाला, आणि पाया पडून निघून गेला. करावं तसं भरावं म्हणतात, पण इथे करणारे सर आणि भरणारी पोर. सरांना स्वतःची शरम वाटली.

दाराशी उभ्या अबोलीने सगळं ऐकलं होतं.

“आजोबा, पुढच्या परीक्षेत काय लिहू? खरं, की गुण मिळतील ते?”

सरांनी संभाजीचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मला माहीत नाही.”

अबोलीला ते खरं वाटलं नाही.