गोरज मुहूर्तावर मामा

"बत्ती वर धरा! वर धरा म्हणतो ना! मामा डुलायला लागले!"

ऐन अंतरपाटाशी वडील मांडव हादरेल असे ओरडले. लग्न ताईचं होतं, पण काळजी मामांची. अख्ख्या मराठवाड्यात दिवेलागणीला उभ्या उभ्या झोपणारे गृहस्थ एकच, आणि ते नेमके आमचे मामा!

मुरुमच्या बाजारात मामांची ज्वारीची आडत होती. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी वीज अजून 'येणार, येणार' म्हणण्यातच होती. सूर्य कलला की मामांचा हात तागडीवर थबके, आणि मापाडी त्यांना पोत्यासारखं उचलून आत ठेवी. आभाळ भरून आलं की भरदुपारी जांभया. ग्रहणात गाव नदीवर, मामा बाजेवर. तंबूतल्या सिनेमाला नेलं, तर दिवे मालवताच झोपले आणि मध्यंतराला जागे झाले. बाहेर येऊन म्हणतात, "खेळ बरा हाय, पर निस्ते शेंगदाणेवालेच लई दावत्यात!"

आता डॉक्टर सांगतात, अंधार पडला की मेंदूतल्या तुरीच्या दाण्याएवढ्या गाठीतून मेलाटोनिन नावाचा रस पाझरतो, आणि डोळ्यांवर उजेड पडला की तो आटतो. तुमच्या-आमच्यात पाझरत असेल. मामांची मोट रिकामी होत असे.

आई गेल्यावर ताई त्यांच्याकडंच वाढली. सकाळी मामा तिची वेणी घालत, संध्याकाळी ती त्यांना हाताला धरून बाजेवर नेऊन निजवी. अशा ताईच्या लग्नाला भटजींनी काढला गोरज मुहूर्त, ऐन दिवेलागणीचा! वडील म्हणाले, "मामा म्हणून तुमच्या चुलतभावाला उभा करू." मामा उसळले, "दाजी, पोरीच्या पाठीशी म्याच उभा ऱ्हाणार. झोपलो तर मांडवाच्या मेढीला बांधा, पर उभा करा!"

म्हणून बत्तीवाले चाचा पेट्रोमॅक्स घेऊन थेट मामांच्या नाकासमोर. बत्ती मंदावली की मामा ताईच्या अंगावर कलत. चाचा पंप मारत, "अजी मामू, आँखां खोलो!" की मामा पुन्हा ताठ. भटजींनी 'सावधान' म्हटलं की सगळा मांडव मामांकडं बघून गरजे. निम्म्या अक्षता त्यांनाच बसल्या. पण माळा पडेपर्यंत मामा जागे राहिले. आमच्या मुलखात हा चमत्कार अजून सांगतात. बहुतेक मीच सांगतो.

जेवणं उरकली. ताईला घेऊन वऱ्हाडाची मोटार तिच्या सासरी, सोनारीकडं गेली. चाचांनी बत्ती मालवली, सामान आवरलं, तेही गेले. अंधार असा दाटला की एरवी मामा त्यात दहादा झोपले असते. ते मात्र मेढीला टेकून रिकाम्या रस्त्याकडं बघत बसलेले. मी बाज टाकली, त्यांचा हात धरला, म्हटलं, "मामा, चला. आज मी निजवतो."

हात हळूच सोडवून घेत ते म्हणाले, "बत्तीनं डोळं दिपल्यात. दुसरं काय न्हाय."