नाडी नसायला हवी होती अशी डिश

ईरा मायक्रोस्कोपवरून उठली आणि हळूच म्हणाली, "ताई, दुसरी डिश पण धडधडतेय."

मी डोळा लावला. खरंच. काचेला चिकटलेला पेशींचा फिकट तुकडा आकसत होता, सैल पडत होता. छाती नाही, माणूस नाही, नुसता ठोका. माझा हात नकळत माझ्या मनगटावर गेला. ठोके जुळत होते. मी हात काढून घेतला.

स्टेम सेल म्हणजे काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. ते जीन ठरवतात. डीएनए दुपेडी असतो हे सगळ्यांना माहीत. पण काही जागी तो चौपेडी गाठ मारून बसतो. ईराचं म्हणणं, काही जीनवरच्या गाठी सुटल्या तरच पेशी हृदयाची होते. म्हणून दुसऱ्या डिशमध्ये तिने गाठी आवळणारं औषध घातलं होतं. धडधडायचं ते फक्त पहिलीने. दुसरीने निपचित पडून राहायचं.

आमचे बॉस देवासकर सर वाकून बघून म्हणाले, "औषध घालायला विसरलीस."

"नाही सर. घातलंय, कसम से."

"मग थिअरी गेली, बेटा. पुढच्या महिन्यात कमिटीला हेच दाखवलंस, तर फेलोशिप वाढत नाही."

सर गेल्यावर ईरा कुजबुजली, "ताई, भूत-वूत तो नहीं?"

"असतं तर एवढ्या सीनियर बाईला सोडून तुझ्याकडे आलं असतं का? औषध दाखव."

फ्रिजमधून बाटली काढली. झाकणावर लाल बोट उमटलेलं. आता मात्र माझ्याही अंगावर काटा आला.

"हे काय?"

"खंडेनवमीचं कुंकू. सर बोले, आपापलं शस्त्र पूजेत मांडा. माझं तर हेच आहे."

"आणि बाटलीभोवतीची फॉइल?"

"फॉइलला कुंकू कसं लावणार, ताई? शस्त्राला लावायचं ना."

पूजेचं टेबल खिडकीशी होतं. बाटली दिवसभर उन्हात. हे औषध उजेडात मरतं, फॉइल त्यासाठीच. उजेडाला धरून पाहिलं, तर त्याचा लालसर रंगही उडाला होता. ईराने डिशमध्ये पाण्यासारखंच काहीतरी घातलं होतं.

नवी बाटली आली, फॉइलमध्ये. पेशी पुन्हा वाढवल्या. पहिली धडधडली, दुसरी गप्प राहिली. कमिटीने फेलोशिप वाढवली. सर म्हणाले, "मला खात्री होतीच."

जुन्या डिशमध्ये ब्लीच ओतायचं काम माझ्याकडे आलं. तुकडा अजून चालूच होता. ओतताना मी मनगटाला हात लावला नाही.

आता नवमीला ईराचं शस्त्र फॉइलसकट बसतं. पूजा करावी, पण आपलं शस्त्र कशाने मरतं ते आधी विचारून घ्यावं.