प्रकाशच्या नावावर चालणारं मशीन

डहाणू स्टेशनजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं तीनच: मी, सुषमा आणि तलासरीकडचा प्रकाश. पण किस्से जमले पन्नास जणांचे! कारण चौथं होतं मशीन.

गावपाड्यांवरून ॲम्ब्युलन्स बोलवायचं एक ॲप आम्ही सांभाळायचो. आम्ही कोडमध्ये काही बदललं की, आणि एरवीही ठरावीक वेळाने, हे मशीन आपोआप नवं ॲप तयार करून तपासायचं, व्हर्जनचा आकडा वाढवायचं आणि तो बदल स्वतःच कमिट करून, म्हणजे नावानिशी नोंदवून, सगळ्यांच्या कोडमध्ये पुश करायचं, म्हणजे ढकलायचं.

पहिल्याच दिवशी घोळ! मशीनने पुश केलं, कोड बदललेला दिसला म्हणून पुन्हा ॲप बनवलं, पुन्हा पुश केलं. आम्ही जेवून येईपर्यंत व्हर्जन कुठच्या कुठे. ज्या संस्थेचं ॲप होतं, तिथले साहेब फोनवर खूश. "वा! एका दिवसात एवढी प्रगती!"

प्रकाश म्हणाला, "साहेब, प्रगती नाही, जुलाब आहेत."

*

मशीनचं पुश मधेच अडायचं, म्हणून त्याला जबरदस्तीची, म्हणजे असलेल्या कोडवर आपली प्रत चढवायची, परवानगी दिली होती. एकदा सुषमाने ड्रायव्हरचा नवा नंबर टाकला आणि तेवढ्यात मशीनने जुनी प्रत त्यावर चढवली. नंबर पुसला गेला. कुणाला पत्ता नाही.

दुपारी एका पाड्यावरून अडलेल्या बाईसाठी कॉल आला, तो गेला जुन्या ड्रायव्हरला. तो नोकरी सोडून झाई बंदरावर मासळीच्या टेम्पोवर लागला होता. गडी तसाच टेम्पो घेऊन निघाला! बर्फाच्या पेट्या रस्त्याकडेला उतरवल्या, ताडपत्री अंथरली आणि बाईला दवाखान्यात पोचवलं.

आम्ही हात जोडले, तर म्हणाला, "नोकरी सोडली हो, फोन थोडाच सोडला!"

बाई वाचली. बाळ नाही.

जबरदस्ती त्याच दिवशी बंद केली.

*

कमिटला नाव लागतं. मशीनचं वेगळं खातं कोण काढणार, म्हणून प्रकाशने स्वतःचंच जोडून दिलं. साहेबांनी मीटिंगमध्ये आम्हा दोघांना झापलं, "प्रकाश बघा, रविवारीसुद्धा काम करतो!"

"सर, रविवारी मी झोपलेला असतो."

"मग तर कौतुकच आहे!"

*

मग भूकंपाचे धक्के सुरू झाले. प्रकाशच्या घरचे सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपायचे. एका सकाळी ऑफिस हललं, आम्ही धावत रस्त्यावर. परत आलो तर टेबलावर प्लास्टरचा ढीग, आणि स्क्रीनवर मशीनचं ताजं कमिट: सर्व चाचण्या यशस्वी!

प्रकाशने खुर्ची झटकली. "आमच्या गावची घरं पण यालाच तपासायला द्या."

*

त्याच वर्षी पावसाळ्यात हायवेवर ट्रकने प्रकाशच्या बाईकला उडवलं. जागीच गेला.

सोमवारी ऑफिस उघडलं. स्क्रीनवर पहिली ओळ: प्रकाश, आत्ताच.

सुषमा उठून बाहेर गेली.

नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाचं खातं बंद करा, असा साहेबांचा निरोप आला. केलं. मशीनला पुश करता येईना, ड्रायव्हरांचे नवे नंबर अडकले. नव्या खात्याला वरून मंजुरी हवी होती. शेवटी साहेबांचाच फोन. "तात्पुरतं चालू करा हो त्याला."

"कुणाला?" सुषमाने विचारलं.

साहेबांनी फोन ठेवला. खातं चालू केलं.

*

पुढे प्रकाशचे वडील त्याचं सामान न्यायला आले. चार्जर, छत्री, चपला. सुषमा पिशवी भरत होती. स्क्रीनवर टिंग वाजलं आणि ती सवयीने बोलून गेली, "प्रकाशचं आलं."

म्हातारा गर्रकन दाराकडे वळला.

सुषमाला रडू फुटलं. "नाही हो बाबा! मशीन आहे. त्याच्या नावाने काम करतं."

ते स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसले. चहा दिला, तो निवला. पुन्हा टिंग वाजलं.

"हे त्याचंच नाव?"

"हो बाबा."

"दिवसभर चालते?"

"दिवसरात्र."

त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबले.

"त्याला आता सुटी दे, पोरी."