आमच्या हिश्श्याचा बांध

थंडीत फोटो काढायला लोक डोंगर गाठतात. आम्ही बांध बघायला का निघालो, ते आधी सांगते.

गणपती झाले आणि आमचा म्हातारा अंथरुणाला खिळला. डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. देवाने जरा उलटसुलट करायला हवं होतं. तोवर रोज सकाळची बस धरून विरारहून गावाकडच्या शेतावर जायचा, आता फ्लॅटच्या छताकडे बघत पडून असतो. आणि रोज एकच प्रश्न, "बांध धरून हाय ना?"

आमची शेती खाडीकाठची. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध असतो आणि त्यात प्रत्येक घराचा हिस्सा. भात कापून झालं की घरटी एक माणूस उतरायचा, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे, आपापला हिस्सा भरून घ्यायचा. एकाचा फुटला की सगळ्यांचं शेत गेलं. म्हाताऱ्याने आयुष्यात देवळापेक्षा त्या बांधाची काळजी जास्त केली, माझी तर विचारूच नका.

मुलगा बूट घालता घालता म्हणायचा, "हो बाबा, आहे बांध." तिकडे फिरकलाही नव्हता. म्हाताऱ्याला ते कळत होतं. जेवण निम्म्यावर आलं. शेवटी त्याने नातीलाच पकडलं. आमची मानसी कॅमेरा गळ्यात अडकवून थंडीभर पहाटेची हिंडत असते. मला अक्षरओळख नाही, हेही मी बोलते आणि तीच लिहिते आहे. तिला म्हातारा म्हणाला, "धुक्याचे कसले काढतंस? माझ्या बांधाचा काडून आन. मंग मी पोटभर जेवेन."

"आजी, मला तो बांध सापडणार नाही. तू चल," मानसी म्हणाली.

मी गेले. पण लगेच खाडीकडे नाही. आधी नंदाखालला जाऊ, मला बघू दे हे फोटो काढणं असतं तरी काय, असं मी म्हटलं. खरं म्हणजे खाडीकडे जायला माझा पाय उचलत नव्हता.

विरार पश्चिमेहून आगाशीची पहिली बस धरा, गर्दी नसते आणि भाडं जेमतेम चहाएवढं. अंधार विरता विरता आम्ही नंदाखालच्या वाड्यांमधल्या रस्त्याला लागलो. केळींची पानं दवाने जड झालेली, माडांचे शेंडे धुक्यात गेलेले. मानसीने आपलं तिकाटणं उभं केलं, वर कॅमेरा बसवला आणि थांबली. मीही थांबले. बराच वेळ काहीच होईना.

"बिघडलं का गं?"

"उजेडाची वाट बघतेय, आजी."

"मग घरून उशिरा निघायचं ना, बाय! उजेड काय आपल्याआधी येणार होता?"

एक बाई केळीची पानं कापायला आली होती. ती म्हणाली, "मावशी, वाडी विकायची हाय म्हणून फोटो काढताव का?" मी म्हटलं, नाही गं, पोरीला धुकं आवडतं. ती हसली नाही. "पलीकडच्या वाडीचे असेच काढले होते," म्हणाली आणि पानं मोजत बसली. मानसीला त्या सकाळी पुष्कळ चांगले फोटो मिळाले. मला आवडले नाहीत. सगळ्या फोटोंत वाडी अशी दिसत होती जशी कायमचं निघून जाताना मागे वळून बघितल्यावर दिसते.

परतताना आगाशीच्या बाजारात वडापाव खाल्ला. सुकेळी मिळाली तर घ्या, पिकलेल्या केळ्याची वाळवलेली गोडी, प्रवासात टिकते. मी म्हाताऱ्यासाठी घेतली. त्याने तोंडात धरून ठेवली आणि विचारलं, "बांधावर गेलतीस?"

पुढच्या रविवारी मात्र निघावंच लागलं.

खाडीकडे जाणाऱ्यांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ओहोटी कधी ते विचारून जा आणि परतीची रिक्षा जातानाच ठरवा, नाहीतर आमच्यासारखी तंगडतोड होते. हॉटेल नाही. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून नेली होती. चपला हातात घ्या, चिखल त्या परत देत नाही.

गावाची वेस ओलांडली तेव्हा धुकं इतकं दाट की पुढची मानसी मला फक्त खोकल्यावरून कळत होती. पायाखाली भाताचा खुंट लागायला हवा होता. लागलं पाणी. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"आजी, काय झालं?"

"काही नाही. चल."

धुकं जरा वर उचललं तशी मानसी जागच्या जागी उभी राहिली. "आजी, बघ ना! काय भारी!" सगळं शेत आरशासारखं, त्यात आभाळ उतरलेलं, कडेकडेला मिठाचा पांढरा थर, एक बगळा. तिने धडाधड फोटो काढायला सुरुवात केली. पोरीची चूक नाही. सुंदरच होतं. आमची भाकरी त्या आरशाखाली मेलेली होती, एवढंच. खारं पाणी एकदा बसलं की किती पावसाळे जातात जमीन गोडी व्हायला, तेवढे आता आमच्या कोणाच्या हातात नाहीत.

बांधावर चढलो. आमचा हिस्सा मी डोळे मिटून ओळखते, तिथे बांध जरा वाकतो. तो उभा होता. नुसता उभा नाही, चांगला भरलेला, वरची माती अजून नवी. अलीकडे पाणी, पलीकडे पाणी, मधे आमचा बांध एकटा, कोणासाठी ते न कळता राखण करत बसल्यासारखा. त्याला लागून पुढचा हिस्सा काशिनाथचा. तिथे मोठी खांड पडली होती. ओहोटीचं पाणी तिच्यातून आवाज करत परत खाडीत चाललं होतं.

आणि खांडीच्या तोंडाशी काशिनाथ स्वतः, लहानसं जाळं लावून बसलेला. म्हाताऱ्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. म्हातारा पडल्यापासून एकदाही भेटायला आला नव्हता. आमचं भात कापून त्याने रिक्षावाल्याबरोबर पाठवलं, स्वतः खाली इमारतीपर्यंतसुद्धा आला नाही. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या.

"काय भावोजी, भात सोडून मासे पेरलेत का?"

तो दचकला. "वयनी! तुमी कशाला आलाव हितं?"

"बांध बघायला. त्याने पाठवलंय."

काशिनाथने मान खाली घातली. "कार्तिकाच्या उधानाला गेला. माज्याच हिश्श्यातून."

"आणि आमच्या हिश्श्यावर ही नवी माती कोणी टाकली?"

जाळ्यात एक चिंबोरी अडकली होती, तो ती सोडवत राहिला.

"भावोजी, मी विचारते आहे."

"कोन टाकनार? यंदा मी एकटाच उतरलो. सगल्यांची पोरं कामावर. म्हटलं, तो पडलाय, आधी त्याचा भरून घेऊ, मंग माजा." त्याने चिंबोरी पाण्यात सोडून दिली. "त्याचा झाला. माजा र्‍हायला. उधान काय थांबतं?"

मी भाकरीचं फडकं सोडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"त्याला कंच्या तोंडानं सांगू, वयनी? पोरापास्नं तो मला सांगत आलाय, काश्या, तुजा हिस्सा कच्चा."

आम्ही तिघांनी बांधावर बसून भाकरी खाल्ली. मग मी मानसीला म्हटलं, "आता म्हाताऱ्यासाठी बांधाचा फोटो काढ. एवढा वाकलेला बांध घे, पलीकडची खाडी घे. शेताच्या अंगाचं पाणी नको. खांड नको."

"आजी, थोडं डावीकडे घेतलं की खांड येते. तोच तर खरा फोटो आहे."

"खरा तुझ्यासाठी काढ. म्हाताऱ्यासाठी हा."

"हे फसवणं झालं."

"बाय, तू रोज विजेच्या तारा सोडून आभाळ घेतेस, टॉवर सोडून माड घेतेस. तेव्हा कोणाला फसवतेस?"

तिने दोन्ही काढले. निघताना मी काशिनाथला म्हटलं, "त्याच्या जिवाला तुमची आस आहे. या." तो हो म्हणाला नाही.

मानसीने फोटो मोठा करून आणला. म्हाताऱ्याने उजव्या हातात धरला, चांगला हात लांब करून, जवळ घेऊन, परत लांब करून पाहिला. "भरलाय," म्हणाला. "कोनी भरला?"

"काशिनाथ भावोजींनी."

"मंग येत का नाय तो?"

त्या दिवशी त्याने भात मागून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. पोटभर जेवणाऱ्या नवऱ्याकडे बघून रडणारी बाई चांगली दिसत नाही.

काही दिवसांनी काशिनाथ आला. धुतलेला सदरा, हातात चिंबोऱ्यांची पिशवी. लिफ्टला घाबरून जिने चढून आलेला, धापा टाकत पलंगाशी बसला. म्हाताऱ्याने "कसा हाईस" सुद्धा विचारलं नाही, उशीखालचा फोटो काढून पुढे धरला.

"हे बघ. माजा हिस्सा. तुजा कुटं हाय?"

फोटो जिथे संपत होता, काशिनाथचा हिस्सा बरोबर तिथेच सुरू होत होता. काशिनाथने त्या कडेवर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मानसी दारात उभी होती, तिने मान वळवली.

"मशीनमध्ये मावला नाही," मी म्हटलं.

"हाय तो बी," काशिनाथ म्हणाला. "धरून हाय."

"कच्चा असंल. तुजा जल्मात कधी पक्का झाला नाय. दुसऱ्याचं भरत बसतोस आनि सोताचा ठेवतोस पावसावर."

"व्हय. कच्चाच हाय जरा."

"मंग भर! हितं काय बसलायस?"

"भरतो."

जिन्यापर्यंत सोडायला मी गेले. वाटलं, हा आता मला काहीतरी बोलेल, बोलायला हवंच होतं. तो भिंतीला धरून म्हणाला, "शिव्या देतोय म्हंजे बरा हाय," आणि एकेक पायरी उतरत गेला.

लेख लिहिताना मानसीने विचारलं, रुंद फोटो लावू का, खांडीचा? लाव म्हटलं. म्हातारा मोबाइल बघत नाही आणि काशिनाथची हरकत नाही, विचारलंय. तिने आतापर्यंत काढलेल्यांत तोच सगळ्यात चांगला आहे, हे मलाही दिसतं. तुम्ही कोणी तिकडे जाल तर तुम्हालाही तसाच मिळेल, धुकं तिथे थंडीभर असतं. खाली काय आहे ते माहीत असलेलं बरं, म्हणून एवढं सांगितलं.

आता दर रविवारी काशिनाथ येतो. म्हातारा विचारतो, माती कुठून आणली, कोण कोण उतरलं, ओली होती का. काशिनाथ एकेका माणसाचं नाव घेतो, त्यातले दोघे तर केव्हाचेच वारलेत, ते ऐकून म्हातारा त्यांनाही नावं ठेवतो. असा बांध दर रविवारी थोडा थोडा पुढे सरकतो आहे. पुरा झाला की म्हातारा म्हणणार, आता मला उचलून नेऊन दाखवा. तेव्हा काय करायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून जिन्यापर्यंत सोडायला जाते तेव्हा मी काशिनाथला सांगते, भावोजी, जरा हळू भरा.